कुणाचा वाटा परत करायचा

केल्योन, चिलोए बेट
रविवार, २५ जून २०२३

प्रिय नेल्डाताई,

तू खुशाल असशील. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. पाऊस लागून राहिलाय, लाकडं ओली आहेत, शेगडी नुसती धुमसते. बाकी ठीक.

एवढं लिहिलं आणि उठून खिडकीपर्यंत जाऊन आले. मग पातेल्यावरचं झाकण उगाच उचलून बघितलं. हल्ली एका जागी बसवत नाही. बसले की पाय हलायला लागतात, जणू कुणीतरी बोलावतंय आणि मीच ओ देत नाहीये.

पत्र बघून तुला नवल वाटेल. फोन करता आला असता तर केला असता, पण माझा नंबर तू ब्लॉक केलायस. त्याबद्दल माझी तक्रार नाही. आई गेली, तिच्या नऊ रात्रींची प्रार्थना चालू होती, बायका अंगणात रस्शाची पातेली ढवळत होत्या आणि मी रजा संपली म्हणून पाचव्या रात्री बूट घालून माशांच्या फॅक्टरीत शिफ्टला निघाले. तेव्हा तू दारात म्हणालीस, “आईच्या रात्री माशांना दिल्यास तू, एर्सिलिया.” ते वाक्य मी अजून घालते आणि काढते, कामावरच्या बुटांसारखं. पण आज त्यासाठी लिहीत नाही.

घरची खबर सांगते. माझा नवरा एवारिस्तो पंधरवडा समुद्रात सामन माशांच्या पिंजऱ्यांवर असतो, पंधरवडा घरी. पाण्यात विष झाल्यापासून शिंपल्यांसाठी बुडी मारणं संपलं ते संपलंच. आता तो दुसऱ्यांची जाळी शिवायला बुडी मारतो. घरी आला की पहिले दोन दिवस झोपतो, नंतर खोक्यातली वाइन पितो आणि जायची वेळ आली की गोड बोलायला लागतो. तो मनाच्या गोळ्या घेत नाही. गोळ्या बायकांच्या, असं त्याचं मत. तुझं मतही मला आठवतं. “मला काही नको, मी वाऱ्यात चालते,” असं तू म्हणायचीस. तुझ्या पुन्ता अरेनासचा वारा इथे मिळत नाही गं. इथे कन्व्हेयरचा पट्टा आहे. तो चालतो, आपण उभं राहायचं.

परवा डुक्कर कापलं. चांगलं निघालं. बटाट्याचे मिल्काव थापले, चरबीचे चिचारोन तळले, रक्ताच्या प्रिएता भरल्या. सगळ्या घरी डुकरातल्या वाट्याची, योकोची ताटं पोचवली. गेल्या वर्षी ज्यांच्याकडून आली होती त्यांना पहिली, आणि तेवढीच. कामावरच्या माग्दाच्या ताटात एक प्रिएता कमी पडत होती तर मी आमच्यातली काढून घातली. आईने शिकवलेलं सुटत नाही. आलेला वाटा नाकारायचा नाही आणि त्याची फेड चुकवायची नाही.

रायेन बरी आहे.

पुन्हा उठून आले. मघाशी एक ओंडका आत टाकला होता, तो पेटलाय का बघितलं. पेटला नव्हता.

तर, रायेन. तू तिला शेवटचं पाहिलंस तेव्हा ती शाळेच्या गणवेशात होती. गेल्या वर्षी पुएर्तो मोंतला बालवाडीच्या कोर्सला गेली, एक सत्र करून परत आली. का आलीस विचारलं तर म्हणाली, “तिथे पण संध्याकाळ होतेच.” मी फार विचारलं नाही. मार्चपासून माझ्याबरोबर फॅक्टरीत येते. एकाच लाइनवर आहोत. मी मासे चिरून फिले करते, ती पुढे चिमट्याने काटे उपसते. पांढरा झगा, जाळीची टोपी, कानावर आवाज अडवायच्या वाट्या. पोटच्या पोरीला मी डोळ्यांवरून ओळखते, तेवढेच उघडे असतात. एप्रिलमध्ये एकदा बघितलं तर ते डोळे वाहत होते आणि हात मात्र काटे उपसत होते. एकही काटा राहत नव्हता. सुपरवायझर मागून गेला, त्यालाही काही दिसलं नाही.

घरी आल्यावर विचारलं, काय झालं? कुणी काही बोललं? कुणी मुलगा आहे का? ती म्हणाली, “आई, मला काही झालेलं नाही. रोज तेच होतं.”

आमच्या लाइनवर सगळ्याजणी गोळ्या घेतात, ताई. मी लाजून सांगत नाही, आहे ते सांगते. कुणाचा नवरा पिंजऱ्यांवर, कुणाचा दुसरीकडेच. कुणाची आई अंथरुणात, कुणाची पाठ गेली. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत ऋतू पालटतो. डॉक्टर चांगला असला तरी त्याच्याकडे वेळ नसतो. तो झोप लागते का विचारतो, भूक लागते का विचारतो आणि लिहून देतो. आजारपणाची रजाही लिहून देतो म्हणतो, पण रजेचा पगार कधी येईल आणि येईल की नाही, ते त्यालाही ठाऊक नसतं. मग बाई म्हणते, रजा नको, गोळीच द्या. आईच्या वेळी मीही तेच म्हणाले. रडायला वेळ हवा होता, तो कुणाकडे नव्हता. माझ्याकडेही नव्हता. गोळी होती. खरं सांगायचं तर तिने मला उभं केलं. गोळीला नावं ठेवणार नाही मी. दोन महिन्यांत पुन्हा पोळीला चव लागायला लागली होती. फक्त नंतर कुणी विचारलं नाही की आता कशी आहेस, आणि मीही थांबवलं नाही. आज तिसरं वर्ष आहे.

रायेनला दवाखान्याची तारीख मिळाली ऑगस्टची.

आता मुद्द्यावर येते. परत उठले तर हे पत्र पुरं व्हायचं नाही.

रायेनची अवस्था लाइनवर सगळ्यांना दिसत होती. ओतिलिया काकू तुला आठवत असेल, सांता मारियाच्या जत्रेत अकॉर्डियनवाल्याला टोमणे मारून पळवून लावलं होतं तीच. तिने जेवणाच्या सुट्टीत रायेनच्या डब्यात कागदात गुंडाळून एक गोळी ठेवली. “घे गं पोरी, कडू नाही. कडू माझा नवरा होता, तो गेला.” सगळ्या हसल्या. रायेनपण हसली, किती दिवसांनी. मग माग्दाने आपली दिली, ती वेगळी, पिवळी. ती म्हणाली, “काकूची म्हाताऱ्यांची आहे, हिने काम होतं.” आणि तिसऱ्या दिवशी पॅकिंगमधल्या ग्लादिसने पाठदुखीची दिली. काटे उपसून रायेनची मान धरली होती, तिने पाहिलं होतं. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. कुणाकडे जास्तीचीही नव्हती. स्वतःच्या महिन्यातून तोडून दिली त्यांनी, जसा आपण आपल्या घासातून वाटा काढतो.

रायेनने त्या लगेच घेतल्या नाहीत. जपून ठेवल्या. चौथ्या दिवशी सकाळी शिफ्टच्या आधी तिन्ही एकदम घेतल्या.

दहाच्या सुमाराला लाइनवर ती थरथरायला लागली. आधी मला वाटलं थंडीने. मग चिमटा पडला. टोपीखालून घाम गळत होता, त्या गारठ्यात. पाय नाचत होते, जबडा आवळला होता, डोळे सैरभैर. मी तिच्या नावाने ओरडले, पण तिच्या कानावर वाट्या होत्या. पट्टा थांबवायचं लाल बटण ओतिलिया काकूने दाबलं. एवढ्या वर्षांत ते कुणी दाबलेलं मी पाहिलं नव्हतं. पट्टा थांबला तेव्हा इतकी शांतता झाली की माझं ओरडणं मलाच ऐकू आलं.

हॉस्पिटलात ताप चढला होता. सलाइन लावलं. डॉक्टर व्हेनेझुएलाची, रायेनपेक्षा फार मोठी नसेल, स्वतःच्या मुलखातून निघून आलेली. तिने सांगितलं की या गोळ्या एकेकट्या ठीक असतात, पण एकत्र आल्या की अंगात आग लावतात. मग मला बाहेर काढायला निघाली, रायेन म्हणाली, राहू दे आईला. डॉक्टरने पलंगाच्या कडेला बसून हळू आवाजात विचारलं, “खरं सांग. मरायचं होतं का तुला?”

रायेन म्हणाली, “नाही. मला कामावर जायचं होतं.”

“मग तिन्ही का घेतल्यास?”

“कुणाची परत करायची? तिघींनी दिल्या होत्या.”

डॉक्टरला ते कळलं नाही. मला कळलं. एकीची घेतली असती तर बाकीच्या दोघींना वाटलं असतं, आपला वाटा टाकून दिला. आपण तिला तसंच वाढवलंय. बाहेरच्या बाकावर ओतिलिया काकू ओल्या बुटांनी बसली होती. तिला हे सांगितलं तर तिने आपल्या थोबाडीत मारून घेतली. मग म्हणाली, “तरी म्हटलं पोरगी वळणाची आहे.” आणि रडायला लागली.

रायेन आता घरी आहे. ताप नाही, खाते, झोपते. म्हणून वर लिहिलं ते खोटं नाही.

डॉक्टरने तिला एकच गोळी लिहून दिली आहे, तिची स्वतःची, आणि दर आठवड्याला भेटायला सांगितलंय. मला बाजूला घेऊन म्हणाली, “औषध लागेल तिला थोडे दिवस, घाबरू नका. पण तिला त्या पट्ट्यापाशी उभं करण्यासाठी मी औषध देत नाही. समजतंय ना?” समजलं. एक जुलैपासून तिची जागा लाइनवर राखून ठेवली आहे, आणि ती जाईन म्हणते. न जाता घरात बसली तर सगळ्यांना अपराधी वाटेल म्हणून जाईन म्हणते. बायका मिल्कावची ताटं पाठवताहेत, दारात उभ्या राहून “बरं वाटतंय ना?” विचारताहेत, आणि ती प्रत्येकीला हो म्हणतेय. प्रत्येक होबरोबर तिचा चेहरा थोडा खाली बसतो. मी मोरीपाशी उभी राहून ऐकते.

म्हणून तुला विचारायचं आहे. तिला तुझ्याकडे घे. तुझी बेकरी आहे, वरची खोली रिकामी आहे असं चुलतभाऊ म्हणाला. तिथल्या दवाखान्याला इथल्या डॉक्टरीणबाई पत्र देणार आहेत. कास्त्रोहून बस थेट जाते, अर्जेंटिनातून. आपल्या बेटावरची निम्मी माणसं त्या बसने गेली.

मी हे रायेनला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मावशीला विचार. पण सगळं सांगून विचार. नाहीतर मी जाणार नाही.” मला वाटलं गोळ्यांचं म्हणतेय. ते तर वर सांगितलं. पण तिला माहीत आहे की अजून एक आहे, आणि मला माहीत आहे की तिला माहीत आहे.

ताई, तिघींनी दिली. चौथी मी, तिची आई. मी दिली नाही.

डॉक्टरने मला विचारलं होतं, “तुम्हीपण दिलीत का?” मी नाही म्हटलं, तर ती म्हणाली, “शहाणपणा केलात.” मी मान हलवली. शहाणपणा नव्हता तो. मे महिन्यात रायेनने एकदा माझ्याकडे मागितली होती. “आई, तुझ्यातली एक दे, फक्त उद्यापुरती.” मी म्हटलं, संपल्या. पिठाच्या डब्यामागे भरलेलं पाकीट होतं. तिला चालेल की नाही, बाधेल की काय, असलं काही डोक्यात आलंच नाही. एक कमी पडली तर महिनाअखेरीला मी उभी कशी राहीन, एवढंच आलं. न देणं बरोबर होतं, पण मी ते बरोबर कारणासाठी केलं नाही. आणि दुसऱ्या दिवशी तिने डबा काढायला हात घातला, पाकीट तिच्या हाताला लागलं. तिने ते जिथल्या तिथे ठेवलं आणि पोळ्यांचं पीठ घेतलं. त्यानंतरच तिने लाइनवर बायकांनी दिलेलं घ्यायला सुरुवात केली.

हॉस्पिटलातून आल्यापासून ते पाकीट मला उघडवत नाही. डॉक्टरला सांगितलं तर रागावली, म्हणाली, अशी एकदम सोडायची नसते, मंगळवारी या, दोघी मिळून हळूहळू ठरवू. जाणार आहे. पायांचं हे हलणं त्यामुळेच असेल. किंवा नसेलही. तिसऱ्या वर्षी कोण सांगणार, काय कशामुळे होतं.

मला तुझ्याकडे यायला सांगू नकोस. मी इथली मिळकत सोडू शकत नाही. आणि मी बरोबर आले तर ती तिथेही मला सांभाळत बसेल. तिला एकटीला घे.

घेतलीस तर दोन गोष्टी. तिला भट्टीजवळ बसव, तिला उबेची सवय राहिलेली नाही. आणि बरं वाटतंय का असं विचारू नकोस. रोज काय झालं ते विचार, आणि ती सांगेल तेवढा वेळ पीठ तसंच राहू दे. माझ्याकडून तेवढंच झालं नाही.

हे पत्र उद्याच्या बसने पाठवतेय; नाही म्हणायचं असेल तरी कळव. शनिवारच्या आत. माझ्यावर रागाने नाही म्हणायचं असेल तर तो राग माझ्यासाठी राखून ठेव, तिच्या वाट्याला लावू नकोस. मी येऊन घेऊन जाईन तो, जेव्हा सांगशील तेव्हा.

आई म्हणून जे जमलं नाही ते तुझ्याकडे मागणारी,
तुझी धाकटी
एर्सिलिया