संघटनेची खुर्ची

अणदूर
रविवार

प्रिय हर्षाली,

'प्रिय' लिहिलं आणि पेन ठेवून चहा करायला उठले. परत येऊन बघितलं तर ते तिथंच. म्हटलं, राहू दे. इतकी वर्षं तासांच्या अदलाबदलीच्या चिटोऱ्यांवरसुद्धा मी तुला 'प्रिय हर्षाली'च लिहीत आले, हाताला दुसरं काही सुचत नाही. फोन करता आला असता. पण फोनवर तू रडशील, तू रडलीस की मी विरघळेन, आणि या खेपेला मला विरघळायचं नाही. म्हणून कागद. संघटनेचे गुरुसिद्धप्पा सर तो तुझ्या हातात देतील. त्यांना बाहेरच्या बाहेर पाठवू नकोस, आत बोलाव, बसायला सांग. आणि पत्र शेवटपर्यंत वाच, कामाचं शेवटी आहे.

इकडचं म्हणशील तर ठीक आहे. प्रेम नववीत गेला, मिसरूड फुटलंय, आईशी बोलायला लाजतो. शाळा साधी आहे, पत्र्याची, पण मुख्याध्यापक माणसासारखा माणूस आहे. सगळे भूगोलाचे तास माझ्याकडंच. आमचा खंडोबा सध्या गावातच आहे, पौषात नळदुर्गला जाईल. देवालासुद्धा दरवर्षी बदली चुकत नाही बघ, पण त्याला वाजतगाजत नेतात आणि परत आणतात, एवढाच काय तो फरक. स्टाफरूममध्ये माझी खुर्ची खिडकीशी आहे. रोज सकाळी दारात आले की मी आधी ती जागेवर आहे का बघते. इथं ती कुणी हलवणार नाही हे मला माहीत आहे, तरी बघते.

मधल्या सुट्टीत डबा उघडला की अजून तुझी आठवण येते, खोटं कशाला बोलू. आपला करार काय होता? भाकरी माझी, कालवण तुझं. मी पहाटे उठून दोघींच्या भाकरी थापायची, तू दोघींचं कालवण आणायचीस. तुझ्या सासूबाईंच्या हातची येसराची आमटी, अंबाडीची भाजी, कधी काहीच नसलं तर शेंगाची चटणी आणि वर तेल. महांतप्पा सर स्टाफरूममध्ये डोकावून म्हणायचे, काय मॅडम, जोडीनं संसार चाललाय! तेव्हा तेही हसून म्हणायचे आणि आपणही हसून घ्यायचो. मुख्याध्यापकाचा विनोद, हसावंच लागतं. ज्या दिवशी तू रजेवर असायचीस त्या दिवशी मी इतरांच्या डब्यातलं खायची, पण खरं सांगते, ते जेवण अंगी लागायचं नाही.

मग ते रुखवत आलं. संस्थेच्या अध्यक्षांच्या, रणधीररावांच्या, लेकीचं लग्न ठरलं आणि महांतप्पा सरांनी शाळेच्या प्रयोगशाळेत दुकान मांडलं. दहावीची परीक्षा तोंडावर, आणि आपण सगळ्या बाया थर्माकोलचा राजवाडा कापतोय, सुपाऱ्यांना नवरा-नवरीचे कपडे शिवतोय. पुरुषांना मांडवाचं काम, आपल्याला रुखवताचं, ही त्या संस्थेची रीतच होती. आदल्या लग्नात मीही साखरेचे मोर केले होते. पण त्या दिवशी दहावीची पोरं वर्गात नुसती बसून होती, कुणी वर्गावर नव्हतं. मी कात्री ठेवली, खडू-डस्टर उचललं आणि म्हणाले, लेकीचं रुखवत मावश्या-माम्यांनी करावं, मी तासाला जाते. तू टेबलाखालून मला चिमटा काढलास आणि खाली मान घालून खुदुखुदु हसलीस. मला वाटलं, तू माझ्या बाजूची आहेस.

ते वाक्य मी वर्गात पोचायच्या आत अध्यक्षांच्या वाड्यावर पोचलं. आणि खरं सांगायचं तर रुखवत हे नुसतं निमित्त. त्यांची सून बी.एड. होऊन घरी बसली होती, तिला जागा हवी होती, आणि जागा काय झाडाला लागतात व्हय? कुणाला तरी उठवल्याशिवाय ती बसणार कुठं?

आधी तास गेले. भूगोल खेळाच्या सरांकडं, मला ग्रंथालयाची कपाटं पुसायला. मग एक दिवस सकाळी बिराप्पा शिपाई आला आणि माझी खुर्ची उचलायला लागला. भूकंपानंतर देणगीत आलेली ती लोखंडी खुर्ची, गंजलेली, एका पायानं डुगडुगणारी. म्हणाला, बाई, माज्यावर राग धरू नगा, साहेबांचा हुकूम हाय, मलाबी लेकरंबाळं हायत. मी त्याच्यावर राग धरला नाही. त्यानं निदान तोंडावर सांगितलं. त्या दिवसापासून मी उभी. सही करायची उभ्यानं, वह्या तपासायच्या उभ्यानं. दुसऱ्याच्या खुर्चीवर बसावं तर ती खुर्ची लगेच कुणाला तरी हवी असायची. पाय सुजले म्हणून एकदा व्हरांड्याच्या पायरीवर टेकले, तर महांतप्पा सरांनी फोटो काढून शाळेच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'कर्तव्यावर असताना आपल्या मॅडम.' झाडून सगळ्यांनी अंगठे दिले. तू दिला नाहीस. ते मी पुन्हा पुन्हा बघितलं आणि त्यावर कितीतरी दिवस काढले, बाई.

आणि मग तो सोमवार. मधल्या सुट्टीत मी नेहमीसारखा भाकरीचा डबा काढला. तू आलीस, माझ्यापुढनं गेलीस, आणि खिडकीकडच्या घोळक्यात पाठ करून बसलीस. तुझ्या डब्यात चपात्या होत्या. म्हणजे आदल्या रात्रीच तुझं ठरलं होतं, कणीक भिजवतानाच ठरलं होतं. मला एका शब्दानं सांगितलं असतंस तर मी चटणी तरी आणली असती. मी कपाटाला टेकून उभ्यानं कोरडी भाकरी खाल्ली, पाण्याच्या घोटाबरोबर. दुसरी भाकरी, तुझी, बाहेर कुत्र्याला घातली. खुर्ची नेली तेव्हा मी रडले नव्हते. त्या दिवशी मुतारीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडले.

तुझं कारण मला माहीत होतं. तुझ्या नोकरीची कायम मान्यता अडकली होती, कागद महांतप्पा सरांच्या टेबलावर होता, आणि अक्षदा मॅडमजवळ दिसलात तर तो तिथंच राहील असं तुला सांगितलं होतं. मला कळत होतं गं. कळत होतं म्हणून दुखायचं थांबतं थोडंच?

धाराशिवला संघटनेच्या ऑफिसात गेले तेही काही भरवशानं नाही. संघटना म्हणजे डायऱ्या वाटणारे आणि अधिवेशनाच्या नावाखाली रजा उपटणारे, हे तुझंच वाक्य, आणि मी त्यावर टाळी दिली होती. एसटी स्टँडजवळ झेरॉक्सच्या दुकानावर खोली, भिंतीवर मोर्च्यांचे फोटो, दोन निवृत्त मास्तर पेन्शनवरून भांडत बसलेले. त्यातले एक गुरुसिद्धप्पा सर. मी उभ्यानंच सगळं सांगायला लागले. इतकी सवय झाली होती की समोर खुर्ची आहे हेच दिसलं नाही. त्यांनी मला थांबवलं आणि आपल्या त्या कानडी हेलात म्हणाले, "अक्का, कोर्टकचेरी मागनं. आधी बसा." हर्षाली, त्या दोन शब्दांवर मी पोरीसारखी हमसून रडले. त्यांनी चहा मागवला आणि मी थांबेपर्यंत पेपर वाचत बसले.

दुसऱ्या दिवशी ते काय घेऊन आले तुला माहीतच आहे, तू खिडकीतून बघत होतीस. ऑफिसातली घडीची खुर्ची, मोटारसायकलला सुतळीनं बांधलेली, पाठीवर लाल ऑइलपेंटनं 'शिक्षक संघटना' लिहिलेलं. महांतप्पा सर फाटकातच आडवे आले, बाहेरचं सामान शाळेत चालणार नाही म्हणाले. गुरुसिद्धप्पा सरांनी शांतपणे सांगितलं, "मग आतलं द्या. न्हायतर चालणार न्हाय असं लिहून द्या." लिहून द्यायची वेळ आली की त्या माणसाच्या बोटांना मुंग्या येतात. खुर्ची आत आली. मी बसले. सगळ्यांनी खाली माना घातल्या, जणू मी काही अंगावरचं सोडून बसले होते.

त्यानंतर रोज मधल्या सुट्टीत संघटनेचं कुणी ना कुणी फाटकापाशी येऊन उभं राहायचं. कधी सास्तूरचे सर, कधी जेवळीच्या मॅडम. घोषणा नाहीत, भांडण नाही, आत यायचंही नाही. नुसतं मला दिसेल असं उभं राहायचं आणि सुट्टी संपली की जायचं. मला न ओळखणारी माणसं, आपली रजा टाकून, उन्हात. आणि आत, हातभर अंतरावर, तुझी पाठ.

तरीही मी तुला माफ केलं असतं, चौकशी झाली नसती तर. संघटनेच्या तक्रारीवरून चौकशीचे साहेब आले, माझ्यासमोर सगळ्यांना एकेक करून विचारलं, यांची खुर्ची काढून घेतली होती का? बाकीचे म्हणाले, आम्हाला माहीत नाही, आमचं लक्ष नव्हतं. भित्र्यांचं उत्तर, पण निदान तेवढंच. तू काय म्हणालीस? तू म्हणालीस, त्यांना उभं राहायची सवयच आहे. वर हसलीससुद्धा. टेबलाखालून चिमटा काढून हसली होतीस ना, तसंच. तुला एवढं बोलायला कुणी सांगितलं होतं गं? 'माहीत नाही' पुरलं असतं की! तुझ्या त्या एका वाक्यावर चौकशी कितीतरी महिने लांबली. शेवटी न्यायाधिकरणात गुरुसिद्धप्पा सरांनी माझी बाजू लावून धरली, तास परत मिळाले, शाळेची खुर्चीही परत मिळाली. महांतप्पा सरांनी सगळ्यांसमोर ती फडक्यानं पुसून दिली. लोक म्हणाले, जिंकलात मॅडम! कसलं जिंकले. पुढच्या साली पटसंख्या घटून तुकडी तुटली, मी अतिरिक्त ठरले आणि इथं आले. माझ्याबरोबर ती जागाही गेली, त्यामुळं अध्यक्षांच्या सुनेला काहीच मिळालं नाही. निघताना सरांना त्यांची घडीची खुर्ची परत द्यायला गेले तर घेईनात. म्हणाले, "ठिवा तुमच्यापाशी. ही तुमची न्हाय, पुढं ज्याची वडतील त्याची हाय." तेव्हापासून ती माझ्या घरी दारामागं उभी आहे.

आता कामाचं. काल सरांचा फोन आला. तुझी खुर्ची नेली म्हणाले. गणिताचे तास काढले, कपाटं पुसायला दिलीत, आणि महांतप्पा सर रोज बोलावून राजीनामा लिहून द्या म्हणतायत. सुनेला अजून जागा हवीच आहे. जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात, आपल्या आज्ज्या सांगून गेल्या, आपण पोरींना पाठही करून घेतलं. तू सरांना म्हणालीस म्हणे, काही करा पण अक्षदाला कळू देऊ नका. त्यांनी कळवलं, कारण संघटनेत बायांची प्रकरणं आता मी बघते आणि तसाच नियम आहे. तर नीट ऐक. राजीनाम्यावर सही करायची नाही. महांतप्पा सर गोड बोलले तरी नाही, घरचे म्हणाले तरी नाही. तोंडी हुकूम आला की म्हणायचं, लिहून द्या. मंगळवारी मी रजा टाकलीय. सकाळच्या एसटीनं खुर्ची घेऊन येतेय, कंडक्टर लगेजचं तिकीट मागेल, त्याच्याशी मी बघून घेईन. खुर्ची मी स्वतः स्टाफरूममध्ये मांडीन, तू गुमान बसायचं. माझी माफी मागू नकोस, मला ती नकोय आणि तिथं सगळ्यांसमोर तर मुळीच नको. मी मैत्रीण म्हणून येत नाही, संघटना म्हणून येतेय. मधल्या सुट्टीत फाटकापाशी उभी राहीन, तुला दिसेन अशी. मला उभं राहायची सवयच आहे. भाकरी मात्र तुझी तू करून आण.

सवयीनं तुझीच,
अक्षदा