परवाची मृत्युतिथी

मार्गशीर्ष शुद्ध द्वितीया
श्रीकृपेने आज पवईच्या कार्यालयात रुजू झालो. मुलुंडच्या पाठशाळेत आयुष्य गेले. निवृत्तीनंतरही माझे शास्त्र कोणाला हवे आहे, याचा आनंद मोठा आहे. श्राद्धादी विधींसाठी लोक संकेतस्थळावरील अर्जात दिवंगताचे नाव, गोत्र व मृत्यूची तारीख भरतात. तीवरून तिथी काढणे हे माझे काम. हा अर्ज तयार करणारी अक्षता लाघवी आहे. मला ‘आजोबा’ म्हणते.

पंचमी
येथे आणखी एक शास्त्री आहेत, चंद्रप्रकाश. कोणा यजमानाने पित्याचा मृत्यू २०९१ साली नोंदवला, तेव्हा भविष्यातील तारीख अर्जाने स्वीकारू नये, हा नियम त्यांनी सुचवला म्हणे. “काकांचं डोकं म्हणजे झकास ना!” अक्षताचे दिवसभर हेच. मला चहा विचारायचे मात्र ती विसरली.

अष्टमी
ऑकलंडच्या एका मुलाची नोंद अर्जाने नाकारली. तेथे दुसरा दिवस उजाडला होता, येथे आदलाच चालू होता. शोकाकुल पुत्राला खोटे पाडणारा नियम अधर्म्य आहे, असे मी सर्वांसमक्ष सांगितले. अक्षताने तो काढला. चंद्रप्रकाशांनी हसून माझे म्हणणे मान्य केले. ते औदार्य अधिकच झोंबले. नियम खरोखर निघाला का, या तपासणीसाठी एक नाव हवे होते. मी त्यांचे भरले, तारीख उद्याची. नोंद स्वीकारल्याची हिरवी खूण उमटली.

दशमी
चंद्रप्रकाश काल गेले. बसल्या जागी. अक्षता फार रडली. मी गेलो तर ती इतकी रडेल का, हाच विचार मनात आला. मत्सर षड्रिपूंतला शेवटचा. तो मृतालाही सोडत नाही.

द्वादशी
अर्जात माझे नाव. गोत्र अचूक. पाळण्यातले नावही — आई गेल्यापासून ते कोणी उच्चारलेले नाही. मृत्यूची तारीख परवाची. नोंद करणारा : चंद्रप्रकाश.
अक्षता म्हणाली, कोणीतरी मस्करी केली असेल, आजोबा. तिने नोंद पुसली. ती परत आली.

त्रयोदशी
तो नियम पुन्हा लाव, म्हणून हात जोडले. “शेवटी काकांचंच बरोबर होतं ना,” ती म्हणाली. माझ्या नोंदीवर लाल अक्षरे आली : भविष्यातील तारीख चालणार नाही. वाचलो — त्यांच्या नियमामुळे. हेही सोसवत नाही.

चतुर्दशी
स्नान झाले. संध्या अर्धवट सोडली. अर्ज उघडला. लाल अक्षरे नाहीत. अक्षताला फोन केला. नियम आहे तसाच आहे म्हणाली, नीट चालतो आहे. चालणारच. आजची तारीख भविष्यातील कशी —
हिरवी खूण.
खाली तिथीही भरलेली. ते काम माझे होते — तेही त्यांनीच — आणि बिनचू