अर्ध्या घाटात थांबलेली जीप

माय, तुझ्या मोहिनीचा वाकून नमस्कार.

माझी लघवीची जळजळ गेली, तापही उतरला. डॉक्टरबाईंनी लघवी तपासून पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्याच दिवशी बरं वाटलं, तरी सगळ्या संपवल्या. पाणी कमी प्यायल्यानं, लघवी दाबून ठेवल्यानं त्रास वाढतो, म्हणाल्या.

म्हणून तुझं "जीपमा जानं शे, पानी पिऊ नको" मी काल मोडलं! तळोद्याहून माझ्या शाळेच्या गावी निघताना तांब्याभर पाणी प्यायले आणि अर्ध्या घाटात जीप थांबवायला लावली. वाटलं, जीपमधल्या बायका हसतील. सातही जणी माझ्यामागे उतरल्या!

दर प्रवासानंतर तुला उन्हाळी लागते, ती हीच जळजळ नसेल ना? म्हसावदला तपासून घे. मग पोटभर पाणी पिऊन इकडे ये; तळोद्याला मी घ्यायला येईन.

जीप मी थांबवीन.

तुझी मोहिनी