धुक्यात हाक मारण्यास परवानगी मिळणेबाबत

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
निसर्गसंवर्धन व शाश्वत पर्यटन प्रकल्प,
पठार विभाग कार्यालय.

विषय: धुके असताना घरच्या माणसाला हाक मारण्यास परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ: 'नीरव वाट' नियमभंगाबद्दल आमच्या दारावर चिकटवलेले आपले ताकीदपत्र.

महोदय,

आमच्या गोठ्यामागच्या खांबावर आपल्या कार्यालयाने ध्वनिमापक बसवला आहे. आवाज पंचावन्न डेसिबलच्या वर गेला की त्याचा तांबडा दिवा लागतो. मापकावरचे पत्र्याचे टोपण एका बाजूने सैल आहे. वारा सुटला की ते खडखडते, दिवा लागतो, आणि आमच्या घराने आवाज केल्याची नोंद होते. घरात कोणी नसतानाही आम्ही असा पुष्कळ आवाज केलेला आहे. मी पदार्थविज्ञान शिकलेली असून खालच्या शाळेत तोच विषय शिकवते, म्हणून हे आधी नोंदवले. तक्रार वेगळी आहे.

१. पठारावरच्या वाटेवर आमचे घर शेवटचे. पुढे कुरण आहे आणि कुरण संपते तिथे कडा. सासरे रोज गुरे घेऊन कुरणात जातात. त्यांना डाव्या डोळ्याने दिसत नाही, उजव्याने जेमतेम दिसते. धुके उतरले की सासूबाई अंगणाच्या टोकाला उभ्या राहून थांबून थांबून हाक मारतात आणि सासरे त्या रोखाने चालत घरी येतात. इथल्या सगळ्या घरांची हीच रीत आहे. तिला वीज लागत नाही, तिचा कचरा होत नाही आणि ती फार जुनी आहे. 'शाश्वत' या शब्दाचा अर्थ मी आजवर असाच समजत होते.

२. शहरातील पाहुण्यांना शांतता मिळावी म्हणून आपण गेल्या वर्षी 'नीरव वाट' सुरू केली. दिवसा हाका मारणे, भांडी आपटणे, गुरांच्या गळ्यात घंटा बांधणे बंद झाले. आम्ही घंटा काढल्या. सासूबाई भांडी पोत्यावर घासतात. कोंबड्याला समजावणे तेवढे प्रलंबित आहे. 'शांतता राखा' ही सूचना देत आपली जीप कर्णा लावून फिरते, तेव्हाही दिवा आमचाच लागतो.

३. हाकेपुरती सवलत आम्ही तेव्हाच मागितली. आपण वाटेवर बाणांचे फलक लावलेत. धुक्यात फलक कुठे आहे हे दाखवणारा फलक अद्याप लागलेला नाही. मग मोबाईलवर संदेश पाठवण्यास सुचवलेत. कुरणात रेंज नाही, आणि ती असती तरी वाचायला सासऱ्यांचा डोळा नाही. शेवटी एक नमुना आला. त्यात धुक्याचा दिनांक सात दिवस आधी कळवायचा होता, शिवाय हाकेचा मजकूर आणि जिला हाक मारायची त्या व्यक्तीचे नाव. मजकूर 'अहो' एवढाच आहे. नावाच्या रकान्यापाशी सासूबाई अडल्या. "आजवर घेतलं नाही, ते आता तुझ्या साहेबासाठी घेऊ होय?" रकाना रिकामा म्हणून अर्ज परत आला. मी चिडले. त्या म्हणाल्या, "साहेबांचं उत्तर येऊ दे, मग बघू." वर्षभर त्या हेच म्हणत आल्या आहेत.

४. गेल्या महिन्यात धुके आले तेव्हा सासूबाईंनी नियम पाळला. सासरे कुरणात खडकाला टेकून बसून राहिले, भिजले आणि तापाने पडले. "कडा कुठल्या अंगाला आहे तेच कळेना, म्हणून बसलो," ते म्हणाले. "गाय उठली असती तर मीही उठलो असतो." गाय उठली नाही, यावर सध्या आमचे घर चालले आहे.

पुढच्या धुक्यातही त्या ओठ आवळून बसल्या होत्या. पण कुरणातून परकी माणसे घाबरून ओरडू लागली, तेव्हा त्यांना राहवले नाही. त्यांनी 'अहो' म्हणून हाक मारली. सासऱ्यांच्या मागोमाग सहा अनोळखी मंडळी अंगणात आली. एकाने विचारले, "आम्हालाच बोलावत होतात ना?" सासूबाई म्हणाल्या, "अहो म्हटलं की सगळेच येतात बाबा. बसा, चहा टाकते."

त्या सहांत आपण स्वतः होता, हे नोंदवणे विषयाला धरून आहे. आपण दोन कप चहा घेतलात. "मावशी, तुम्ही हाक मारलीत म्हणून..." असे म्हणालात आणि वाक्य तिथेच सोडून दुसरा कप उचललात. ते वाक्य नंतर ताकीदपत्रात पूर्ण झाले: हाक मारली म्हणून शांततेचा भंग झाला, पुन्हा असे घडल्यास कुरणात गुरे चारण्याचा परवाना रद्द होईल.

५. आमची गुरे त्या कुरणावरच जगतात. आणि हाक हळू मारून भागत नाही. मी मोजले आहे: कुरणाच्या टोकाला पोचेपर्यंत तिचा आवाज पाखराच्या आवाजाइतकाच उरतो. त्याहून हळू मारली तर नियम राहील आणि माणूस जाईल.

सबब, धुक्यात हाक मारण्यास कायम परवानगी द्यावी आणि ताकीदपत्र मागे घ्यावे, ही विनंती.

सोबत: परत आलेला अर्ज, नावाचा रकाना अजून रिकामाच, आणि मापकाच्या टोपणाचा स्क्रू, गोठ्यात सापडला म्हणून.

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत, नम्रपणे,
(सही)
वाटेवरच्या शेवटच्या घराची सून
दिनांक: पोचेल तो धरावा. मागच्या वेळी तसाच धरला होता.

ता. क. पाकीट चिकटवण्याआधीच धुके उतरले. सासरे कुरणात आहेत. सासूबाईंनी विचारले, "आलं का उत्तर?" मी नाही म्हटले. त्या हातातले सूप खाली ठेवून उठल्या आणि थेट खांबाखाली जाऊन उभ्या राहिल्या. वारा नव्हता, तरी त्या बोलू लागताच दिवा लागला. त्या म्हणाल्या ते जसेच्या तसे कळवते: "परवानगी नको म्हणून लिही त्यांना. मी हाक मारणार."