परतीच्या पाकिटावरचं अक्षर

इंदोरा, नागपूर
११ मे १९७५

चि. उत्तरा,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र बुधवारी मिळालं. सोबतची गोष्टही मिळाली. माझ्या दादाचा खोकला थांबला की नाही ते तू लिहिलं नाहीस, तेव्हा थांबला असं धरून चालते. इथं मी ठीक आहे. ऊन नेहमीसारखंच अंगावर आलं आहे. अकरानंतर घामानं पेन बोटांतून घसरतं, म्हणून पहाटे पाचला लिहायला बसते आणि नऊला उठते. शेजारच्या प्रयागबाई तुझी चौकशी करत होत्या. "आनंदरावची पोरगी आता केवढी झाली वं?" म्हणाल्या. वीस वर्षांची झाली आणि आत्याला लपूनछपून पत्रं लिहून राहिली, असं काही मी त्यांना सांगितलं नाही.

मैत्रिणीच्या पत्त्यावर उत्तर पाठव, आईला कळू देऊ नकोस, अशी तू मला ताकीद दिली आहेस. घरात लिहिण्याचा विषय निघाला की आई उठून आत जाते, हेही लिहिलंस. ते वाचून मी पत्राची घडी केली आणि तीन दिवस उत्तर लिहिलं नाही. का, ते पुढं येईल. आधी तू विचारलंस ते. लेखणीवर पोट भरतं का, आणि भरायचं असेल तर काय करावं?

भरतं. माझं बारा वर्षं भरतं आहे. पण आत्या गोष्टी लिहून जगते असं तुला कोणी सांगितलं असेल, तर ते खोटं. गोष्ट ही ताटातली चटणी, भाकर वेगळीच असते. माझी भाकर म्हणजे आकाशवाणीवरची भाषणं, शाळेच्या पुस्तकांचे हिंदीतून अनुवाद, बियाण्यांच्या एका कंपनीची पत्रकं आणि गांधीबागेतल्या कापडवाल्यांच्या जाहिराती. 'लग्नसराईसाठी खास' हे शब्द मी इतक्या वेळा लिहिले की माझं स्वतःचं लग्न राहूनच गेलं, असं प्रयागबाई म्हणतात. त्या कामाची लाज वाटू देऊ नकोस. बी किती बोटं खोल पेरायचं, ते वाचणाऱ्याला एका वाक्यात कळलं पाहिजे. ज्याला ते जमत नाही, त्याला गोष्टीतली बाईही नीट दारातून आत आणता येत नाही.

नोकरी मिळत असेल तर घे. हे वाचून तुझं तोंड उतरेल, पण घे. एका साप्ताहिकात दोन गोष्टी छापून आल्या आणि मी म्युनिसिपालटीच्या शाळेतली मास्तरणीची नोकरी सोडून दिली. ते धैर्य नव्हतं, डोक्यात हवा गेली होती. पुढच्या वर्षभराचं काम हातात दिसायला लागलं की मग सोड.

कागदाच्या एकाच बाजूला लिही. डावीकडे चार बोटं जागा सोड. खाली कार्बन घाल आणि ती प्रत जपून ठेव. कारण टपालात हरवलेली गोष्ट पुन्हा लिहायला बसलं की ती रुसलेल्या पाहुण्यासारखी येतच नाही. रेडिओसाठी लिहिलेलं मोठ्यानं वाच, जिथं दम लागेल तिथं वाक्य तोड. दिवाळी अंकाची गोष्ट याच उन्हाळ्यात लिहायची असते. नवरात्राच्या सुमारास जे जागे होतात, ते पुढच्या दिवाळीसाठी जागे होतात. तीन महिने उत्तर आलं नाही तर संपादकांना एक कार्ड टाक. दुसरं टाकू नकोस. आणि कबूल केलेल्या तारखेच्या एक दिवस आधी मजकूर नेऊन दे. धरमपेठेत मुलांच्या मासिकाचे संपादक आहेत केशवराव, ते मला नऊ वर्षं काम देत आहेत. मी फार थोर लिहिते म्हणून नव्हे. "तुमचा मजकूर आला की त्या दिवशी मला जेवण गोड लागतं," असं ते म्हणाले होते. त्याहून मोठी शाबासकी मला अजून मिळालेली नाही.

आता परतीच्या पाकिटाविषयी. गोष्टीसोबत आपलाच पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पाकीट पाठवावं लागतं. पसंत पडली नाही तर त्यातूनच ती परत येते. तुझी तीनदा परत आली, चौथ्यांदा आली तर वही चुलीत घालीन, असं तू लिहिलं आहेस. मला त्याचं हसू आलं नाही. त्या चुलीपर्यंत मीही जाऊन आले आहे.

सन त्रेसष्ट. नोकरी सोडून महिना झाला होता आणि मी टपालाची वाट बघत दारातच बसलेली असायची. आपला धोंडबा पोस्टमन तेव्हा तरणा होता. आपल्याला लोकांची अक्षरं ओळखता येतात याचा त्याला भारी अभिमान. गल्लीच्या तोंडापासूनच तो ओरडला, "कौसल्याबाई, तुमचंच अक्षर तुमच्याकडं वापस येऊन राहिलं." सगळी गल्ली बाहेर आली. मी पाकीट घेतलं, आत गेले आणि दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. जेवले नाही.

तिसऱ्या दिवशी तुझी आई माझ्या उशाशी येऊन बसली. "आन ते कोरे पाकीटं इकडं," म्हणाली. "पत्ता मी लिहून देईन. मंग त्या धोंडब्याले काय समजन?"

तू आईचं अक्षर कधी पाहिलं आहेस का? बहुतेक नसेल. सातवीपर्यंत शिकलेली, पण रेघ न आखता तिची ओळ सुतासारखी सरळ जायची. 'नागपूर'मधल्या 'ग'चा दांडा ती जरा लांब ओढायची, तेवढीच एक हौस. त्या दिवसापासून माझ्या सगळ्या पाकिटांवर तिचं अक्षर गेलं.

आणि नवल असं की त्यानंतर माझी एकही गोष्ट परत आली नाही. मी सकाळच्या शिकवण्या धरल्या होत्या, टपाल यायच्या वेळी बाहेर असायची. घरी आले की विचारायची, "वहिनी, काही आलं का वं?" ती म्हणायची, "नाही बाप्पा." सात महिने. प्रयागबाईंना मी सांगत सुटले की संपादक लोक विचार करून राहिले, चांगल्या गोष्टीला वेळ लागतो. त्याच तोऱ्यात मी अकरा गोष्टी लिहिल्या. तेवढ्या मी पुढं कुठल्याच वर्षी लिहिल्या नाहीत.

मग एक दिवस वहिनीनं हसत हसत माझ्या हातात कार्ड ठेवलं. पुण्याच्या एका मासिकानं 'गिरणीतली रांग' ही गोष्ट घेतली होती. मी दोनदा वाचलं. ती गोष्ट मी पुण्याला पाठवलीच नव्हती. मी मुंबईला पाठवली होती.

वहिनी तुरीची डाळ निवडत होती. उठली, हात पुसले, शेवयांचा डबा खाली काढला आणि त्यातून चिठ्ठ्यांचा गठ्ठा माझ्यापुढं ठेवला. एकोणीस चिठ्ठ्या. सगळ्यांवर 'साभार परत'. प्रत्येकीच्या मागं तिच्या अक्षरात लिहिलेलं, कोणती गोष्ट, कधी आली, पुढं कुठं पाठवली. माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर मासिकांचे पत्ते होते, ती एकेका पत्त्यावरून खाली उतरत गेली होती. पहिलं पान मळलं असेल तर ते पुन्हा उतरवून काढायची. सोबतचं चार ओळींचं पत्र लिहून खाली माझं नाव घालायची. तिकिटं ती दादाकडून माहेरच्या पत्रांसाठी म्हणून मागवायची. दादाला त्या वर्षी वाटत होतं, हिला माहेरची फारच आठवण येऊन राहिली.

"मले सांगतलं काहून नाही?" मी विचारलं.

"तू दोन दिवस जेवली नव्हती वं. मी म्हटलं, तू लिहत राय. पोस्टाचं मी पाहून घेईन."

उत्तरा, या धंद्याविषयी मला जे कळलं आहे ते सगळं या बोलण्यात आहे. लिहिणारी एक आणि पोस्टाचं पाहणारी दुसरी, अशा दोघी लागतात. गोष्ट परत आली की ती लिहिणारीच्या हाती देऊच नकोस. पोस्टाचं पाहणारीनं ती घ्यावी, चिठ्ठीमागं टिपण करावं आणि त्याच संध्याकाळी पुढच्या पत्त्यावर टाकावी. लिहिणारीनं तोवर दुसऱ्या गोष्टीला बसावं. आज या दोन्ही बाया माझ्या एकटीच्याच अंगात आहेत. पण पोस्टाचं पाहणारी मी वहिनीकडून शिकले. तिच्याइतकी कणखर आणि अबोल मेहनत करणारं माणूस मी पुढं संपादकांत पाहिलं नाही की लेखकांत पाहिलं नाही.

इथं थांबता आलं असतं तर बरं झालं असतं.

दोन महिन्यांनी मासिकाचा अंक आला. गोष्ट छापलेली, वर माझं नाव. शेवटी पाहते तर शेवटचा परिच्छेदच नाही. त्यात मी गरिबी, समाज, उद्याची पहाट, सगळं समजावून सांगितलं होतं. मला वाटलं संपादकांनी कापला. वहिनी म्हणाली, "त्याइनं नाही, मीनं. शेवटचं पान खराब झालं होतं, उतरवून काढलं. तवा मले वाटलं, पोरगी पीठ घेऊन निघाली तिथंच गोष्ट सरली. मंग पुढचं नाही लिहिलं."

तिचं बरोबर होतं. मला ते त्याच क्षणी कळलं होतं, म्हणूनच एवढा राग आला. दादासमोर, प्रयागबाईंसमोर मी तिला म्हटलं, "सातवी शिकलेल्या बाईनं माझ्या कागदाले हात लावायचा नाही."

हात लावायचा नाही. आपल्या घरात हे शब्द कोणी कोणाला म्हणावेत? आपल्या बापजाद्यांनी विहिरीवर ऐकले, शाळेच्या दारात ऐकले, तेच मी तिला ऐकवले. छप्पन्न साली दीक्षा घेतली तेव्हा पांढरी लुगडी नेसून आम्ही दोघी त्या गर्दीत एकमेकींचा हात घट्ट धरून उभ्या होतो. तू तिच्या कडेवर होतीस. त्याच हाताला मी सात वर्षांनी असं बोलले.

तिनं भांडण केलं नाही. "बरं," म्हणाली आणि डब्याला झाकण लावलं. पुढच्या पाकिटांवर मी माझ्याच अक्षरात पत्ते लिहिले. सहा महिन्यांनी दादाची चंद्रपूरला बदली झाली. आता लग्नकार्यात भेटतो. "जेवली का?" "जेवली." बारा वर्षांत यापुढं आमचं बोलणं गेलेलं नाही. आई उठून आत का जाते, ते तुला आता कळलं असेल. तिला लिहिण्याचा तिटकारा नाही गं. लिहिण्याच्या खोलीतून मीच तिला बाहेर काढलं आहे.

आणखी एक आहे, ते मी कोणालाच सांगितलेलं नाही. माझा संग्रह निघाला तेव्हा तो परिच्छेद परत घालायला मला कोणाची मनाई नव्हती. मी घातला नाही. वहिनीचाच शेवट छापला, माझ्या नावावर. मागच्या वर्षी इथल्या सदर भागात एका सभेत वक्ते म्हणाले, कौसल्याबाईंच्या गोष्टी नेमक्या जागी थांबतात, ही त्यांची खास देणगी. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी मान लववली. देणगी खरीच होती. देणारीचं नाव तेवढं मी घेतलं नाही. आजही गोष्ट संपवताना मी मनातल्या मनात डाळ निवडणाऱ्या वहिनीला ती वाचून दाखवते. तिचा हात थांबला की मी थांबते.

आता तुझी गोष्ट. मी ती तीनदा वाचली. खाणीचा भोंगा वाजतो आणि बायका बोलता बोलता गप्प होतात, ती जागा मला लिहिता आली नसती. हे मी तुझी आत्या म्हणून म्हणत नाही. पण गोष्ट तुझी पानं संपायच्या आधीच संपते आहे. कुठं, ते मला दिसतं. तरी मी खूण केलेली नाही. तुझी गोष्ट सोबत साभार परत करते आहे.

ती आईला दाखव. ती उठून आत गेली तर तू मागोमाग आत जा. हे पत्रही दे. वाचून दाखवू नकोस, हातातच दे. तिला वाचता येतं, माझ्यापेक्षा चांगलं येतं. मैत्रिणीच्या पत्त्याचा खेळ आता बंद कर. ज्या घरात हे काम जाणणारं माणूस आहे, त्या घरात चोरून लिहिणं म्हणजे विहिरीशेजारी राहून तहानेनं मरणं.

सोबत एक कोरं पाकीट ठेवलं आहे. तिकीट लावलं आहे. पत्ता लिहिलेला नाही, तो आईला लिहायला सांग. धोंडबाचे केस आता पिकले, पण अक्षर तो अजून ओळखतो. मी पुन्हा दारात बसायला लागले आहे. आत काही घातलं नाही तरी चालेल, पाकीट रिकामं येऊ दे.

याखाली आणखी आठ ओळी लिहिल्या होत्या. त्या मी काढून टाकल्या.

तुझी आत्या,
आणि वहिनीची नणंद,
कौसल्या