सामानापाशी कोण बसणार

आई, तुझ्याशी भांडायला बसले आहे. तू जाऊन बावीस वर्षं झाली, म्हणजे उलट उत्तर येणार नाही हे मला माहीत आहे, आणि खरं सांगायचं तर त्याच बळावर बसले आहे. परवा मी गिरनारला निघाले आहे. तीन दिवसांचं जाणं-येणं, शाळेत बरोबर शिकवणाऱ्या दोघी मैत्रिणी सोबत, आणि पाठीवर एक पिशवी. एकच. सकाळी लहरीपुऱ्याच्या बाजारात जाऊन ती घेतली, तेव्हा दुकानदार म्हणाला, "बेन, आ तो छोकरांनी निशाळनी बॅग छे. मोटी बतावुं?" म्हटलं, "ना भाई, नानी ज जोइए," लहानच हवी. त्याला वाटलं, नातवासाठी असेल. मी तिथेच खांद्याला अडकवली आणि आरशात बघितलं. अठ्ठावन्न वर्षांची बाई शाळेचं दप्तर लावून मिरवते म्हटल्यावर तो बिचारा तरी काय बोलणार!

आत काय आहे तेही ऐक. अंगावरचा सोडून एक पंजाबी ड्रेस, आतले कपडे, पंचा, टॉर्च, गुडघ्याचा पट्टा, पाण्याची बाटली, मूठभर चणे आणि गुळाचा खडा. संपलं. तुझा आवाज मला स्वच्छ ऐकू येतोय: "अगं, स्वेटर? पोट बिघडलं तर? एखादी बरी साडी असू दे बाई, वेळ काय सांगून येते?" येऊ दे वेळ. थंडी वाजली तर वाजेल, पोट बिघडलं तर बघू. आयुष्यभर "असू दे, लागलं तर" असं म्हणत तू जे जे भरलंस ना, त्यातलं निम्मं कधी पिशवीतून बाहेरसुद्धा निघालं नाही, आणि ते वाहिलंस मात्र तू.

मी चौदा वर्षांची होते. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये आपण राहायचो आणि बाबांना पास मिळाला होता. तू गिरनारला जायचं म्हणून लग्नापासून घोकत होतीस. दत्ताच्या पादुकांवर डोकं टेकायचं, एवढं एकच मागणं तुझं. जायचं ठरल्याची बातमी गल्लीत पसरली आणि संध्याकाळपासून दाराशी नारळ यायला लागले. "आमचाही चढवा हं, वहिनी." शेजारच्या गुजराती काकी आल्या, "अमारुं श्रीफळ पण लेता जजो ने." कुणाचा मुलगा नापास झालेला, कुणाची बदली अडलेली, कुणाचं लग्न जमत नव्हतं. सतरा नारळ झाले! तू एकालाही नाही म्हणाली नाहीस. कुणाचा कुठला ते कळावं म्हणून प्रत्येकाच्या शेंडीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधत बसलीस. त्याशिवाय दशम्यांचा डबा, लोणच्याची बरणी, बाबांचा स्वेटर, काकांचा मफलर, धाकट्याचं दूध, सगळ्यांच्या चादरी. ह्या सगळ्यात तुझी स्वतःची वस्तू कुठली होती? मी आठवून आठवून थकले. एक फणी आठवते.

वळकट्या पायथ्याशी, तळेटीच्या धर्मशाळेत ठेवल्या, पण खाण्याच्या पिशव्या आणि नारळ घेऊन आपण चढायला लागलो. बाबा नि काका पुढे, आम्ही मुलं मध्ये, आणि तू मागे, दोन हातांत दोन पिशव्या आणि काखेत धाकटा. पायऱ्या संपत नाहीत. तुझं नऊवारी नाही, साधं पाचवारी, तेही घोट्याशी अडकतंय, आणि दर वळणावर तू थांबून हसतेस, "तुम्ही व्हा पुढे, मी आलेच." अंबाजीच्या देवळापाशी पोचलो तेव्हा निम्मा डोंगर झाला होता आणि तुझे तळहात लालबुंद झाले होते. पिशव्या खाली ठेवल्या, तर माकडं लगेच टपून बसली. बाबा म्हणाले, "पुढे उतार-चढ आहे, नारळ आम्ही दोघं नेतो. पण बाकीच्या सामानापाशी कोण बसणार?" तेव्हा मी म्हणाले, "आई बसेल की."

हो, मीच म्हणाले. बाबा नाही, काका नाही. आणि माझा राग कशाचा आहे माहीत आहे? तू लगेच मान डोलावलीस! "बसते गं, जा तुम्ही, धाकटाही पेंगतोय." अगं, एक शब्द बोलायचास ना. माझ्या मुस्काटात मारली असतीस तरी चाललं असतं. तू तेव्हा अवघी अडतीस वर्षांची होतीस, धडधाकट होतीस, आणि पिशव्यांना पाठ लावून पायरीवर बसून राहिलीस. सगळ्या गल्लीचे नारळ दत्तापर्यंत पोचले. तू नाही पोचलीस. घरी आल्यावर कुणी विचारलं की म्हणायचीस, "देवाने खालूनच घेतला माझा नमस्कार." लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या आणि वर देवाच्या नावावर समाधान मानायचं! मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. देवाने खालून घेतला असेल तर घेतला असेल, पण तुला वर जायचं होतं. नमस्कार पोचणं वेगळं आणि आपण पोचणं वेगळं.

आता काल काय झालं ते सांगते. माझी जाऊ तरसालीला राहते. तिचा फोन. "अगं, गिरनारला चाललीस ना? आमचा एक नारळ घेऊन जा. आणि वासण्याच्या मावशींचाही. चार-पाच होतील फक्त, उद्या पाठवते." मी म्हटलं, "नको पाठवूस." तिला वाटलं, रेंज गेली. पुन्हा म्हणाली. मी पुन्हा म्हटलं, "मी कुणाचाही नारळ नेणार नाहीये." मग म्हणाली, "देवाच्या नारळाला नाही म्हणतेस? एवढं काय जड असतं?" नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की दहा मिनिटांत यांना फोन, वासण्याला फोन. हे आले स्वयंपाकघरात. "घे ना दोन, कशाला वाईटपणा?" मी म्हटलं, "अहो, मग तुम्हीच चढवा. तुमचे गुडघे माझ्यापेक्षा बरे आहेत." थोड्या वेळाने हे म्हणतात, "निदान रोपवेने तरी जा, अंबाजीपर्यंत आठ-दहा मिनिटांत सोडतो." नाही जाणार. तू जिथवर दोन्ही हातांत ओझं घेऊन चढलीस, तिथवर मी मोकळ्या हातांनी तरी पायीच चढणार. आणि तिथे थांबणार नाही.

आम्ही तिघींनी आधीच ठरवून टाकलंय. ज्याचं त्याने पाठीवर घ्यायचं, जे पाठीवर मावणार नाही ते घरी ठेवायचं. सामानापाशी कुणी बसायचं नाही. एकीने हळूच विचारलं होतं, "थोड्या दशम्या घेऊ या का गं सगळ्यांसाठी?" मी तिच्यावर अशी खेकसले की बिचारी चहा प्यायची थांबली. मग तिला तुझी गोष्ट सांगितली, तर म्हणाली, "माझी आई अशीच पावागडला पायथ्याशी बसली होती. चपला सांभाळत." आम्ही दोघी हसलो आणि मग कितीतरी वेळ हसू आलं नाही. जावेचा अबोला राहील महिना-दोन महिने. राहू दे. मी वाईट ठरायला तयार आहे. तू कधीच झाली नाहीस तयार, म्हणून तर एवढं भरत गेलीस.

हे पत्र मी बरोबर नेणार नाही, वर जाऊन वाचण्याचं नाटकही करणार नाही. कपाटात तुझ्या जुन्या साड्यांखाली सरकवून देईन. पण भांडण संपवण्याआधी एक सांगायचं आहे, आणि ते बोलायला मला चव्वेचाळीस वर्षं लागली. त्या दिवशी आम्ही खाली उतरून आलो तेव्हा तू धाकट्याला मांडीवर घेऊन तशीच बसली होतीस. मला बघताच ओढून जवळ घेतलंस नि विचारलंस, "कशा आहेत गं पादुका?" मी म्हणाले, "खूप छान आहेत," आणि दशमी मागितली. तेवढ्यावर तू किती वर्षं काढलीस! येईल त्याला सांगायचीस, "मी नाही गेले, पण माझ्या लेकीने डोळे भरून बघितलं." माझ्या लग्नात विहिणींनाही सांगितलंस. आई, वर खूप गर्दी होती, मी बाबांच्या पाठीमागे डोळे मिटून परीक्षेत पास कर म्हणून घोकत उभी होते, आणि डोळे उघडले तोवर लोकांनी मला बाहेर ढकललं होतं. मी पादुका बघितल्याच नव्हत्या.