दूध चालत नाही

१४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

धाकटीचा नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? आईचं गुडघ्यांचं रडगाणं चालूच असेल. हे पत्र पंक्चर स्वतः आणून देईल. माझा सायकलवरचा जोडीदार, तुला आवडत नाही तोच. त्याला आधी जेवायला वाढ, मग वाच.

फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तुझा आवाज आला की मी बेधडक थापा मारते.

प्रवास झकास झाला. प्रत्येक खानावळीत तेच नाटक. "दूध, दही, तूप काही चालत नाही" म्हटलं की मालक हळहळायचा, "एवढ्या लहान वयात? पोटाचं दुखणं का?" आजार नाही हो, जनावराचं काही खात नाही, हे समजावेपर्यंत भात गार. एकाला विचारलं, डाळीत तूप आहे का? म्हणाला, "छे! अगदी चमचाभरच." पंक्चर हसून लोळला. मग शेंगदाणे, केळी आणि कोऱ्या चहावर आम्ही घाट चढायचो, आणि दुधातुपावर पोसलेल्यांना मागे टाकायचो.

शेवटच्या घाटानंतर मात्र मला केळंही जाईना.

आई म्हणेल, पाला खाऊन वाळली पोर. ते खरं नाही, ताई. माझ्या पोटात गाठ आहे. निघायच्या आधीच कळलं होतं. आता ती यकृतात पसरलीय आणि डॉक्टरांनी हात टेकलेत. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही मला गादीला बांधून ठेवलं असतं, आणि मला सायकल चालवायची होती. रागाव हवं तर.

आईला मी मुद्दामच भांडू दिलं. ती माझ्या ताटाला शिव्या घालायची, तोवर तिच्याकडे उपाय होता. एक पेला दूध.

इथलं हॉस्पिटल लहान आहे, हमरस्त्याला लागून. आल्या आल्या कुणीतरी माझ्या कागदावर लिहिलं, 'दूध चालत नाही'. त्यामुळे नुसतं सलाईन चाललं होतं. काल सकाळी नर्सबाई पावडर कालवलेला पेला घेऊन आल्या आणि कागद वाचून थबकल्या.

"चालत नाही म्हणजे त्रास होतो, की घेत नाही?"

"घेत नाही."

"यात दूधच आहे. दुसरं काही आमच्याकडे नाही." बिनदुधाच्या पावडरीसाठी पंक्चर सगळं गाव पालथं घालून रिकाम्या हाताने परतला होता. मग नर्सबाई म्हणाल्या, "पोटात काही टिकलं तर थोडे दिवस निघतील. तुमचं कुणी यायचंय का?"

मी म्हटलं, ताई यायचीय.

आणि प्यायले. नऊ वर्षांनी. गोड लागलं गं, त्याचाच संताप आला. मग उलटी होऊ नये म्हणून दात आवळून बसून राहिले. टिकलं. आज पुन्हा प्यायले.

पंक्चरबरोबर लगेच नीघ. गाठीचं आईला तूच सांग, माझ्याने होणार नाही. पण मी दूध घेतलं हे तिला सांगू नकोस. तिला वाटेल, आता पोर बरी होणार.

तू येईपर्यंत टिकणार आहे,
धाकटी